लांब पानाच्या चहाचा डबा आणि साडेअकराचा मुहूर्त

बिरदेवनं फाईल म्हसवडला छापायला दिली आणि तिथूनच सगळं वाटोळं सुरू झालं.

सांगलीत प्रेस नव्हते असं नाही. पण सांगलीचा प्रेसवाला म्हणाला, "दोन डब्यांसाठी मशीन लावत नाही. दोनशे घे." बिरदेवला दोनच हवे होते. एक परीक्षकांसमोर ठेवायला आणि दुसरा, पहिला कुणी पाण्यात पाडला तर. (काहीतरी पाण्यात जाणार हे त्याला कळत होतं. काय जाणार, तेवढंच कळत नव्हतं.)

डिझाईन कॉलेजचं शेवटचं वर्ष. प्रोजेक्टचा विषय, लांब पानाच्या सुट्या चहाचं पॅकेजिंग. जोडीला कुंडलची आम्रपाली. गेल्या वर्षी बिरदेव याच पेपरात नापास झाला होता, कारण परीक्षकांना तो म्हणाला होता, "तुम्हाला कळत नसेल तर मी काय करू?" यंदाही गेला तर कॉलेज पटावरून नाव काढणार. आणि नाव काढलं की म्हसवडला वडिलांच्या किराणा दुकानात, गुळाच्या ढेपेमागं जन्मठेप. वडिलांनी, म्हणजे लालासाहेबांनी, त्याच्यासाठी नवं स्टूल आणूनही ठेवलं होतं. पोराच्या पास होण्यावर त्यांचा इतका विश्वास!

"च्या कागदात बांधत्यात," लालासाहेब सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकवत. "पुडी बांधायला आमाला पाच मिंटं लागली. ह्याला चार वर्सं लागल्यात, आन अजून गाठ बसंना."

आता यांना कोण सांगणार, की लांब पानाचा चहा पुडीत कोंबला की त्याचा चुरा होतो? बिरदेवनं दोन महिने घासून एक ताठ पांढरा डबा तयार केला होता. काडेपेटीसारखा आतला खण ओढायचा. वर हिरवं एकच पान. बाकी सगळं कोरं. प्रोजेक्ट बघणाऱ्या सोनिया मॅडम म्हणाल्या होत्या, "रिकामी जागा बोलते."

म्हसवडचा सूरज शाळेपासूनचा दोस्त. त्याचा प्रेस लग्नपत्रिकांवर चालायचा. बुधवारी फाईल मिळाल्यावर त्यानं फोन केला.

"गड्या, ह्यात काय छापायचंच न्हाई की रं."

"ते तसंच आहे."

"तसंच? येवढी जागा मोकळी सोडली तर गिऱ्हाईक माझ्या नावानं बोंब मारतंय."

"तू फक्त आहे ते छाप," बिरदेव खेकसला आणि त्यानं फोन ठेवला.

फाईलच्या कडेला, कापून टाकायच्या भागात, कॉलेजच्या नियमाप्रमाणं चार ओळी होत्या. बिरदेव आणि आम्रपाली. शनिवार, सकाळी साडेअकरा. कॉलेजचा हॉल, सांगली. सूरजच्या प्रेसमध्ये आजवर एका मुलाचं नाव, एका मुलीचं नाव, वार, वेळ आणि हॉल एवढं एका कागदावर आलं, तर त्याचा एकच अर्थ झाला होता. बिचाऱ्याला वाटलं, पोरगं लाजतंय. त्यानं थेट लालासाहेबांच्या दुकानात फोन लावला.

"आबा, बिरदेवचं छापायला आलंय, दोन डबे. मजकूर लय कमी हाय. घरातली नावं टाकू का?"

लालासाहेब साखर जोखत होते. "टाक की. न्हेमीची टाक. आन दोन कशाला काढतूस? दोनशे काढ, दुकानात खपत्याल."

नेहमीची नावं म्हणजे गेल्या वर्षी बिरदेवच्या चुलतबहिणीच्या, राणीच्या लग्नाला छापलेली. ती सूरजच्या कॉम्प्युटरवर तयारच होती. त्यानं वर गणपती ठेवला. खाली 'चि. बिरदेव' आणि 'चि. सौ. कां. आम्रपाली'. मग वार, वेळ, हॉल आणि 'आग्रहाचे निमंत्रण'. मग भावकीची सत्तावीस नावं, फक्त नवरदेवाच्या बापाचं सगळ्यात वर घेऊन. बिरदेवचं एकुलतं एक पान त्यानं काढलं नाही, प्रामाणिक माणूस. गणपतीच्या पायाशी दुर्वा म्हणून ठेवलं.

शिवाय प्रूफ त्यानं व्हॉट्सअ‍ॅपला पाठवलं. बिरदेव तेव्हा मेसमध्ये भाजीत मीठ नाही म्हणून आचाऱ्याशी भांडत होता. त्यानं न उघडताच अंगठा पाठवला.

शुक्रवारी दोनशे डबे दुकानात आले. लालासाहेबांनी त्यात चहा भरला. चष्मा गल्ल्यावर होता, आणि गल्ल्यावरचा चष्मा ते फक्त नोटा बघायला लावत. मोठे चुलते बिराप्पा तात्या म्हणाले, "आदी भावकीत फुकट वाटू. जाहिरात हुती." आणि मोटारसायकलवरून दीडशे डबे वाटून आले. वाटून झाल्यावर एक डबा हातात घेऊन त्यांनी तेच केलं, जे या घरातली वडीलधारी माणसं कुठलाही छापील कागद हातात आल्यावर करतात. त्यांनी स्वतःचं नाव शोधलं.

संध्याकाळी बिरदेवचा फोन वाजला.

"माझं नाव तिसरं?"

"कसलं नाव, तात्या?"

"मला इचारतूस कसलं! मी थोरला. तुझ्या बापाचं पैलं, त्या पतसंस्थेच्या चेरमनचं दुसरं, आन माझं तिसरं?"

"अहो, पण कशात?"

"आता कशात इचार! ह्याच खांद्यावर बसवून तुला सिद्धनाथाची जत्रा दावली."

फोन बंद. बिरदेवला वाटलं, रेशनकार्डाचं काहीतरी असेल. रात्रभरात आणखी चौघांचे फोन आले. एकाचं नाव बारीक अक्षरात होतं, एकाच्या नावापुढं 'माजी सैनिक' लावलं नव्हतं. सत्तावीस नावांपैकी एकाही महाभागानं त्या नावांच्या वरती काय लिहिलंय ते वाचलं नाही. पुतण्याचं लग्न लागतंय हे पुतण्याच्या चुलत्याला माहीत नव्हतं. मात्र आपण कितव्या ओळीत आहोत, हे पाठ! (आणि हीच माणसं वर्षभर बिरदेवला सांगत होती, "लक्ष देऊन वाचत जा.")

वाचलं ते नाव नसलेल्यांनी. त्यांनी ट्रंकेतून फेटे बाहेर काढले.

शनिवारी साडेदहाला एसटीच्या ड्रायव्हरकडून सूरजनं पाठवलेलं खोकं आलं. बिरदेवनं ते हॉलच्या दारात उघडलं आणि तिथंच खाली बसला. आम्रपालीनं डबा उलटापालटा करून शांतपणे वाचला.

"चि. सौ. कां.," ती म्हणाली. "व्हय रं, मला कवा सांगणार हुतास?"

"त्या सूरजचा मी जीव घेईन!"

"प्रूफ आलं नव्हतं?"

बिरदेवनं मोबाईल उघडला. प्रूफखाली त्याचाच अंगठा होता.

"मंजे तूबी बघितलं न्हाईस. तात्यांनी निदान सोताचं नाव तरी वाचलं."

हे मात्र त्याला लागलं.

तिनं पिशवीतून हातानं कापलेला पांढरा नमुना काढून टेबलावर ठेवला. शेजारी गणपतीवाला. "आता तू तोंड उघडू नकोस," ती म्हणाली. "मी बोलते. पास व्हायचंय मला."

पुण्याहून आलेल्या परीक्षकांनी केसांची शेंडी मागं बांधली होती. त्यांनी पांढरा डबा उचलून ठेवून दिला. "स्वच्छ आहे. दवाखान्यासारखा." मग दुसरा उचलला आणि त्यांचे डोळे चमकले. "अरे वा! हे काय आहे?"

"सर, इथं मौल्यवान वस्तू घरात येते ती निमंत्रणासारखी," आम्रपाली म्हणाली. "आम्ही गिऱ्हाइकाच्या सवयीचा अभ्यास केला."

सोनिया मॅडमही मान हलवू लागल्या. रिकामी जागा बोलते म्हणणाऱ्या याच त्या बाई! बिरदेवच्या कानशिलात आग पेटली. आम्रपालीनं टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला.

तेवढ्यात हॉलचं दार उघडलं. म्हसवडच्या दोन जीपा रिकाम्या झाल्या होत्या. सगळ्यात पुढं धोंडुबाई आत्या. पाहुण्यांनी पहाटे दार वाजवून "गाडी कुठनं सुटणार?" असं विचारल्यावर घराला प्रकार कळला होता. त्यामुळं मागून लालासाहेब आणि तात्या, दोघंही लालबुंद. आणि दुसऱ्या दारानं कुंडलहून आम्रपालीचे चुलते मिलिंद, हातात मोबाईल, त्यावर फिरत फिरत आलेला डब्याचा फोटो.

"पोरगी कुणाची?" तात्या ओरडले.

"कुंडलची," कुणीतरी म्हणालं.

"कुंडलची म्हंजे कुणाची?"

"माझी पुतणी हाय," मिलिंद पुढं आले. "आन आमच्या पोरीच्या नावावर गणपती कुणाला इचारून छापला?"

"काका," आम्रपाली म्हणाली, "आदी लगीन कुणाला इचारून छापलं, ते इचारा."

परीक्षक टाळ्या वाजवत उठले. "अप्रतिम! खरे ग्राहकसुद्धा बोलावलेत! बघा मॅडम, डब्यानं माणसं शंभर किलोमीटर ओढून आणली. याहून वेगळं पॅकेजिंग काय असतं?"

पास होण्याची वेळ हीच होती. एक शब्द न बोलता नुसतं उभं राहायचं होतं. दगडालाही जमलं असतं.

"बंद करा!" बिरदेव गरजला. "हे लग्न नाही, अभ्यास नाही, काही नाही! न वाचता काम करणाऱ्या माणसांचा गाढवपणा आहे हा! आणि तुम्ही शेंडीवाले, तुम्हालाही कळत नाही! हा डबा मी केलेला नाही!"

परीक्षकांनी डबा टेबलावर ठेवला.

"मग कुणी केलाय?" परीक्षकांनी विचारलं.

मागच्या रांगेतून गुलाबी फेटा उभा राहिला. "मी, सर," सूरज लाजत म्हणाला. "म्हसवड. पत्रिका, बॅनर, समदं करतो."

परीक्षकांनी त्याला आपलं कार्ड दिलं. आम्रपालीला अभ्यासाचे चांगले मार्क मिळाले. आणि सोनिया मॅडमनी चष्मा पुसत सांगितलं, "बिरदेव, तुझंच वाक्य आहे. तू केलेलं नाहीस. मी काय लिहू?" त्यांनी तेच लिहिलं.

कॉलेजच्या आवारात पाहुणे घुटमळत होते. लग्न नाही, जेवण नाही, पोरगं नापास. लालासाहेब खाली बघत उभे होते. शेवटी धोंडुबाई आत्या म्हणाल्या, "आवं, आणल्याला आहेर माघारी न्हेत न्हाईत. अपशकुन हुतो." मग एकेकानं पुढं होऊन बिरदेवच्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला. त्यानं आरडाओरडा केला, पण एवढ्या टॉवेलांखालून आवाज बाहेर येईना.

गेटवर म्हातारा वॉचमन उठून उभा राहिला. सतरा टॉवेल, एकावर एक चार टोप्या, दोन्ही काखेत नारळ.

"वा रं पठ्ठ्या! पैला आलास जणू?"

"नापास झालोय," बिरदेव फुत्कारला.

वॉचमननं त्याला टोप्यांपासून नारळांपर्यंत नीट न्याहाळलं.

"मग पास झाल्याल्यांना काय दिलं?"