पराते यांचा धूमकेतू

"आज न्हाणीत कोणी पाय ठेवाचा नाही," रुपराव पराते यांनी शनिवारी सकाळीच घरात जाहीर केलं. "माहे फोटो धुवाचे ट्रे मांडून हायेत. कोणाचा हात लागला तं माह्यासारका वाईट कोणी नाही."

"अन् आंघोळी?" त्यांच्या आईनं, रुख्माबाईंनी विचारलं.

"गिरहन सुटल्यावर."

"मी तेच म्हणून राहिली न गा," रुख्माबाई म्हणाल्या. मायलेकांचं एखाद्या गोष्टीवर एकमत होण्याचा त्या घरातला तो बहुधा पहिलाच प्रसंग होता.

साल १९८०, महिना फेब्रुवारी. नागपूरच्या वाट्याला ग्रहण खंडग्रास आलं होतं, पण भीती पूर्ण खग्रास होती. महाल भागातली दुकानं दुपारीच बंद झाली. लोकांनी खिडक्यांना चादरी लावल्या. रुपराव मात्र विज्ञाननिष्ठ. विज्ञान त्यांनी मॅट्रिकनंतर सोडलं होतं, निष्ठा तेवढी ठेवली होती. दिवसभर सरकारी कचेरीत फायली हलवायच्या आणि सुट्टीच्या दिवशी कॅमेरा गळ्यात अडकवून जगाच्या अंधश्रद्धेवर चिडायचं, असा त्यांचा क्रम होता.

ते ज्या हौशी छायाचित्रकार मंडळाचे सभासद होते, तिथं स्पर्धा अगदी खेळीमेळीची असे. म्हणजे निकालानंतर सभासद एकमेकांशी फक्त महिनाभर बोलत नसत. सलग सहा वर्षं कप महालातल्या फोटो स्टुडिओवाल्या ईश्वरदासनं नेला होता आणि सलग सहा वर्षं रुपरावांना उत्तेजनार्थ मिळालं होतं. इतकं उत्तेजन माणसाला सोसत नाही. यंदाचा विषय ग्रहण, फोटो रविवारी चारपर्यंत द्यायचा. "औंदा कप नाही आणला तं कॅमेरा इकून टाकीन," असं रुपराव सगळ्या कचेरीसमोर बोलून बसले होते, आणि कचेरीतल्या दोघांनी कॅमेऱ्याची किंमतही विचारून ठेवली होती.

हिंगण्याच्या कारखान्यातल्या ओळखीच्या वेल्डरकडून आणलेली काळी काच भिंगापुढे धरून त्यांनी गच्चीवरून सूर्य टिपला. खाली येऊन फिल्म धुतली, पंख्याखाली वाळवली. मग न्हाणीचं दार लावून, लाल दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात, ट्रेमधल्या औषधात कागद सोडला. हळूहळू सूर्याची कोर उमटली, भोवतीचं आकाश काळंभोर झालं. काय फोटो होता! रुपरावांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते औषधाच्या वासानं नव्हतं. फोटो पक्का करून, धुऊन त्यांनी अंगणात उजेडात आणला.

सूर्याशेजारी काळ्या आकाशात एक पांढराशुभ्र डाग होता. पुढे फुगीर, मागे बारीक शेपटी.

"हे काय झालं?" ते ओरडले आणि दुसरी प्रत काढायला आत धावले. न्हाणीत रुख्माबाई उभ्या होत्या. ट्रे रिकामे. मोरीच्या जाळीवर तुळशीची तीन ओली पानं पडलेली होती.

"माय, हे पानं कोठून आले वं?"

"म्याच टाकले न सकाळी. घरात जेवढं भरलेलं भांडं, तेवढ्यात एक पान. लोणच्यात टाकलं, माठात टाकलं. तुह्या ताटल्या काय वाळीत टाकू?"

"मंग तुळस टाकली होती तं ओतलं काहून?"

"गिरहन सुटलं न बाप्पा! घरचे सारे आंघोळीसाठी थांबून राहिले. तुह्या ताटल्यांची पूजा करू का?"

आता रुपरावांना सगळं उलगडलं. लाल उजेडात हिरवं पान काळं दिसतं. कागदाला चिकटलेलं ते काळ्या आकाशावर दिसलंच नव्हतं. पानाखाली औषध पोचलं नाही, म्हणून कागद तेवढ्यापुरता पांढरा राहिला. घरात औषध उरलेलं नाही, फोटोच्या औषधाचं दुकान सोमवारी उघडणार. होता तो एकच फोटो. विचारलंच कोणी, तर ढग म्हणून सांगायचं ठरलं.

पण विचारण्याची पाळीच आली नाही. रविवारी शाळेच्या हॉलमध्ये परीक्षक देवघरे सरांनी तो फोटो पाहिला आणि त्यांचा चष्मा नाकावरून घसरला. सर भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक होते. निवृत्तीपासून त्यांना बोलायला श्रोते मिळाले नव्हते. ते कडाडले, "धूमकेतू! सूर्याच्या इतक्या जवळ! हा फक्त ग्रहणातच दिसू शकतो!" आणि मग पाऊण तास ते धूमकेतूंवर बोलले. उद्याच वेधशाळेला पत्र जाईल, धूमकेतूला शोधणाऱ्याचं नाव देतात, म्हणजे हा पराते यांचा धूमकेतू!

रुपराव खरं सांगायला उठले होते. खरोखर उठले होते. पण आपलं नाव आकाशात फिरणार हे ऐकल्यावर पाय आपोआप वाकले आणि ते परत बसले. लोकांनी त्याला विनय म्हटलं. कप त्यांच्या हातात आला. छाती फुलली, आणि आतून कोणीतरी टोचत राहिलं.

"एक मिनट, सर," ईश्वरदास उभा राहिला. "मीबी त्याच टायमाले फोटू काढला. माह्यात काहून नाही आला धूमकेतू? निगेटिव दिखाव ना, रुपरावभाऊ."

निगेटिव्ह रुपरावांच्या खिशात होती. त्यांनी खिसा वरून दाबून धरला. सगळा हॉल त्यांच्याकडे बघू लागला. तेवढ्यात लेकाबरोबर हॉलवर आलेल्या रुख्माबाई मागच्या खुर्चीवरून उठून फोटो जवळून बघायला पुढे आल्या.

"अवो मास्तर," त्या सरांना म्हणाल्या, "शेपटी नोहे ते, देठ हाये. माही तुळस हाये ते. म्याच टाकली ताटलीत."

रुपरावांनी निगेटिव्ह काढून टेबलावर ठेवली. त्यात सूर्य होता, शेजारी काहीच नव्हतं. "माय म्हणते ते खरं हाये, सर," ते पुटपुटले, आणि गंमत म्हणजे त्यांना पहिल्यांदाच मोकळं वाटलं.

देवघरे सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पाऊण तासाचं भाषण परत घेता येत नाही. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा चढवला आणि गंभीरपणे म्हणाले, "मी हेच सांगणार होतो. कॅमेऱ्याशिवाय, थेट कागदावर वस्तू ठेवून केलेली ही एक अत्यंत अवघड कला आहे. धूमकेतू म्हणालो ते अलंकारिक अर्थानं. पहिलं बक्षीस कायम! फक्त ते कलाकाराला मिळालं पाहिजे."

त्यांनी रुपरावांच्या हातातला कप अलगद काढून रुख्माबाईंच्या हातात दिला. टाळ्यांचा कडकडाट झाला, सगळ्यांत जोरात ईश्वरदासचा. प्रमाणपत्रावर सेक्रेटरीनं सुवाच्य अक्षरात लिहिलं: श्रीमती रुख्माबाई पराते, प्रथम. खाली कंसात, साहाय्य : रुपराव.

घरी जाताना सायकलरिक्षात रुपराव प्रमाणपत्राची गुंडाळी धरून बसले. रुख्माबाईंनी कप पदरानं पुसला, उलटा करून आत बघितलं, मांडीवर नीट ठेवला आणि विचारलं,

"पुढलं गिरहन कधी हाये गा?"