हळू बोला, पुढे अस्वल आहे

“बाबा, हळू बोला ना!”

सेंदाईला जाणारी शिनकान्सेन बुलेट ट्रेन तोक्योहून सुटून थोडाच वेळ झाला होता आणि एवढ्यात सारंगचं हे वाक्य कितीतरी वेळा म्हणून झालं होतं. शेजारच्या सीटवर त्याचे वडील भानुदासराव पुण्यातल्या मोरेश्वर नावाच्या मित्राशी व्हिडिओ कॉलवर बोलत होते. नेहमीच्याच आवाजात बोलत होते. पण भानुदासरावांचा नेहमीचा आवाज गुलटेकडीच्या मार्केट यार्डात कांद्याचा लिलाव पुकारून पुकारून तयार झाला होता.

“मोऱ्या, डोंगर बघ! दिसला का? गेला! अरे, गाडी आहे का चेष्टा!”

डब्यात बाकी कुणीच बोलत नव्हतं. पुढच्या सीटवरच्या बाईंनी मान किंचित, अगदी किंचित वळवली. सारंगला घाम फुटला. इतकी वर्षं जपानात काढल्यावर त्याला त्या किंचितपणाचा अर्थ बरोबर कळत होता. आपल्याकडे ज्याला बाह्या सरसावणं म्हणतात, त्याचं हे इकडचं रूप होतं.

आईबाबा तोक्योतल्या ओजिमाच्या त्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आले, त्या दिवसापासून सारंगच्या जिवाला घोर होता तो होताच. लिफ्टमध्ये हळू, गॅलरीत हळू, सुपरमार्केटात मुळा हातात घेऊन तर फारच हळू. मध्यंतरी लिफ्टमध्ये ‘रहिवाशांनी आवाजाचे भान ठेवावे’ अशी नोटीस लागली, तेव्हा ती आपल्याच घराला उद्देशून आहे याबद्दल त्याला तिळमात्र शंका राहिली नाही. “अरे, ती बाबा यायच्या आधीपासून आहे तिथे,” असं त्याची बायको ज्ञानदा सांगून थकली. आता तिला ऑफिसातून सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून ती या सहलीत नव्हती आणि सुखात होती.

तेवढ्यात कंडक्टर आला. तो भानुदासरावांसमोर कमरेत वाकला आणि फोनवर बोलायचं असेल तर कृपया दोन डब्यांच्या मधल्या जागेत बोलावं, असं अतिशय गोड शब्दांत म्हणाला. सारंग ताडकन उठला आणि त्याच्यापेक्षा जास्त वाकला. कंडक्टर पुन्हा वाकला. सारंग पुन्हा. कंडक्टर गेला तेव्हा सारंगचा चेहरा लालबुंद झाला होता आणि त्या भरात तो बोलू नये ते बोलून गेला.

“बाबा, इथे यायचं तर तोंड बंद ठेवायला शिका. माझी इज्जत आहे इथे.”

भानुदासरावांनी फोन बंद करून खिशात टाकला.

“बरं,” ते म्हणाले. इतक्या हळू आवाजात म्हणाले, की सारंग दचकला. “परवाचं तिकीट काढ मला. आता मी पुण्यात पोचल्यावरच बोलीन.”

“आणि माझं?” पलीकडच्या सीटवरून सारंगच्या आईने, सिंधूताईंनी विचारलं.

 भानुदासराव ओठ मिटून खिडकीबाहेर पाहू लागले. सिंधूताईंनी पर्समधून सुपारीची डबी काढली आणि चेहऱ्यावर कधी नव्हे ते समाधान आणून सीट मागे केली.

“आई, तू तरी सांग ना त्यांना!” सारंग पुटपुटला.

“मी कशाला सांगू? लग्न झाल्यापासून पहिल्यांदा असं शांत वाटतंय. जपान छानच आहे हो तुझा.”

सेंदाई येईपर्यंत राग निवळेल, असा सारंगचा अंदाज होता. सेंदाई आलं. स्टेशनवर त्याने मुद्दाम तिथली प्रसिद्ध झुंदा मोची घेऊन दिली. तांदळाचा मऊ गोळा आणि त्यावर सोयाबीनच्या हिरव्या शेंगांचं गोड पुरण. भानुदासरावांनी पहिला घास घेतला आणि त्यांचे डोळे मोठे झाले. या पदार्थावर त्यांचं काहीतरी ठाम मत बनलं होतं हे स्पष्ट दिसत होतं. पण घासाबरोबर त्यांनी तेही गिळलं.

सारंगची काळजी दुप्पट झाली. आवाज असताना निदान बाबा कुठे आहेत हे कळायचं. आता स्टेशनच्या गर्दीत ते हरवले आणि हाक मारली तर ओ देईनात. शेवटी खेळण्यातल्या रेल्वेच्या दुकानासमोर हाताची घडी घालून उभे असलेले सापडले.

मुक्काम सेंदाईच्या पलीकडच्या डोंगरातल्या, गरम पाण्याच्या झऱ्यांच्या एका छोट्या गावात होता. तिथल्या ऱ्योकानमध्ये, म्हणजे चटईवर गादी घालून झोपायच्या जुन्या पद्धतीच्या हॉटेलात, बॅगा टाकून तिघं बसने धबधबा बघायला गेले. डोंगर लाल-पिवळा होऊन पेटला होता. कड्यावरून पाणी असं कोसळत होतं, की बघताना ऊर भरून यावा. भानुदासरावांचं तोंड उघडलं. सारंग आशेने पाहत राहिला. तोंड मिटलं.  हे दृश्य बघून बाबा काय काय ओरडले असते, ते सगळं त्याला ऐकू येत होतं आणि ते परवाच्या विमानाने बोलल्याशिवाय निघून जाणार होते.

परत फिरताना घोटाळा झाला. बसस्टॉपवर सारंग फोनमध्ये वेळापत्रक तपासत उभा होता. भानुदासरावांनी त्याच्या खांद्याला बोट लावलं.

“एक मिनिट बाबा, बसच बघतोय.”

भानुदासरावांनी पुन्हा बोट लावलं आणि रस्त्याकडे दाखवलं. सारंगने मान वर करेपर्यंत बस वळण घेऊन दिसेनाशी होत होती.

“अहो, मग सांगायचं नाही का?”

भानुदासरावांनी ओठांवर बोट ठेवलं.

पुढची बस रात्री होती आणि ऱ्योकानमध्ये जेवण सहाला म्हणजे सहाला. त्यातून हे जेवण साधंसुधं नव्हतं. आईबाबा शाकाहारी आहेत, मासळीचा रसही नको, अंडंही नको, असं सांगायला सारंगने महिनाभर मेल पाठवले होते. मालकीणबाईंनी खास आईबाबांसाठी डोंगरातल्या भाज्यांचा बेत केला होता. तो थंड होऊन वाया गेला, तर पुन्हा त्या गावाला तोंड दाखवायची सोय नव्हती. सारंगने ऱ्योकानला फोन लावला.

“गाडी पाठवते, पण ती स्टेशनवर गेलीय, थोडा वेळ लागेल,” मालकीणबाई म्हणाल्या.

“छे छे, तुम्हाला उगीच त्रास! आम्ही चालत येऊ,” सारंग म्हणाला. कुणाला त्रास द्यायचा नाही, या एका गोष्टीपायी माणूस स्वतःला किती त्रासात घालू शकतो, हे जपानात राहिल्याशिवाय कळत नाही.

“मग नदीकाठची जंगलातली पायवाट जवळची आहे. फक्त मोठमोठ्याने बोलत या बरं का. यंदा अस्वलं फार खाली उतरलीत. माणसाचा आवाज आला की ती लांब जातात.”

 आता नको, गाडी पाठवा, असं सारंग म्हणणार, तोच फोनची बॅटरी संपली.

“काय म्हणाल्या?” सिंधूताईंनी विचारलं.

“काही नाही. गप्पा मारत या म्हणाल्या. चला, बोला काहीतरी!”

पायवाटेच्या तोंडाशीच पाटी होती. अक्षरं जपानी होती, पण वर काळ्याकुट्ट अस्वलाचं चित्र होतं आणि चित्राला भाषा लागत नाही.

“अगं बाई! सारंग, हे काय?”

“काही नाही गं, इथे सगळीकडे असतं. नुसती सूचना. आपण आवाज करत जायचं, बस.” मग तो वडिलांकडे वळला. “बाबा, बोला.”

भानुदासराव चालू लागले.

“बाबा, प्लीज! सिरियसली सांगतोय. आवाज पाहिजे इथे.”

भानुदासरावांनी मागे वळूनही पाहिलं नाही. झाडीत अंधारून येत होतं. पायाखाली पानं चुरचुरत होती आणि प्रत्येक चुरचुरीला सारंगच्या काळजात लक्क होत होतं. फोनवर गाणी लावावीत, तर त्याचा फोन मेला होता. आईने जंगलात कशाला म्हणून आपला फोन ऱ्योकानमध्येच ठेवला होता, आणि बाबांकडे मागितला तर त्यांनी खिशावर हात दाबून धरला. म्हणजे मौन त्यांच्या एकट्याचं नव्हतं, फोनसकट होतं.

“आई, तू गाणं म्हण!”

सिंधूताईंनी आरती सुरू केली, पण भीतीने त्यांचा आवाज देवालासुद्धा ऐकू जाईल की नाही अशी शंका होती. दुसऱ्या ओळीलाच त्यांना ठसका लागला.

“तूच ओरड ना रे. तरुण आहेस चांगला.”

सारंगने छातीत हवा भरली. तोंड उघडलं. आणि काय ओरडावं हेच त्याला सुचेना. इतकी वर्षं आवाज खाली, अजून खाली, असं करत करत तो कुठे जाऊन बसला होता कोण जाणे. शेवटी जंगलाकडे पाहून तो अत्यंत अदबीने म्हणाला, “सुमिमासेन…”

“हे काय बोललास?”

“माफ करा म्हणालो.”

“अस्वलाला?”

 तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, असं सारंगला वाटलं. फरक एवढाच, की तोंड त्याने स्वतःच दाबलं होतं. स्वतःचंही आणि बाबांचंही. पुण्यात ज्यांच्या आवाजाने पलीकडच्या गाळ्यातलं गिऱ्हाईक इकडे यायचं, तो माणूस या रानातून मुकाट्याने चालला होता आणि तसं करायला त्याच्या पोटच्या पोराने सांगितलं होतं. त्याला एकदम फार वाईट वाटलं.

“बाबा,” तो मागून म्हणाला, “माझं चुकलं. गाडीत मी तसं बोलायला नको होतं.”

भानुदासराव बरेच पुढे गेले होते. त्याचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही.

आणि त्याच क्षणी, त्यांच्या उजव्या हाताला, कमरेएवढ्या बांबूच्या गवतात काहीतरी हललं. गवत वाकलं, पुन्हा हललं आणि त्यातून काळं, रुंद, पाठीत वाकलेलं काहीतरी हळूहळू वर येऊ लागलं. भानुदासरावांचं तिकडे लक्षच नव्हतं.

सारंगचं डोकं बंद पडलं. पुढे जे झालं ते त्याने केलं नाही, त्याच्या आतून झालं.

“बाबाऽऽऽऽ! मागे सराऽऽऽऽ!”

झाडांवरचे पक्षी भर्रकन उडाले. समोरच्या कड्यावर आपटून ‘सराऽऽ’ परत आलं. गवतातलं काळं एकदम खाली बसलं आणि त्याने दोन्ही हात वर केले. हातांत अळंबी होती. काळं जाकीट घातलेले, पाठीला टोपली बांधलेले एक जपानी आजोबा थरथर कापत ‘मारू नका’ अशा चेहऱ्याने तिघांकडे पाहत होते.

भानुदासराव गर्रकन वळले.

“अरे हळू! केवढ्यानं ओरडतोस? म्हातारा माणूस आहे, जीव जाईल ना त्याचा! लोक काय म्हणतील?”



“बोलले,” सिंधूताई खिन्नपणे म्हणाल्या. “मोडलं.”

सारंग धावत गेला आणि आजोबांपुढे वाकवाकून माफी मागू लागला. भानुदासरावांनी मात्र सरळ हाताला धरून आजोबांना उभं केलं, पाठीवरची पानं झटकली आणि सांडलेली अळंबी टोपलीत भरायला घेतली. आजोबांचा श्वास जागेवर आला तसे ते हसायला लागले आणि खास तिकडच्या गावरान बोलीत सारंगला बरंच काही सुनावू लागले. मधूनमधून सारंगच्या गळ्याकडे बोट दाखवत होते.

“काय म्हणतायत?” भानुदासरावांनी विचारलं.

“म्हणतायत…” सारंग अडखळला. “रानात असं गुपचूप चालतात का म्हणे. पानांचा आवाज तेवढा येत होता, म्हणून त्यांना वाटलं अस्वलच आलं. त्यामुळे ते गवतात लपून बसले होते आणि गेलं का ते बघायला उठत होते.”

“बघ! मी काय सांगतो? आणि ते गळ्याकडे काय दाखवतायत?”

“आवाज चांगला आहे म्हणतायत. असा आवाज असेल तर डोंगरापलीकडचं अस्वलसुद्धा इकडे फिरकणार नाही.”

भानुदासरावांनी लेकाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“मग? माझाच आहे तो.”

आजोबांनी गावापर्यंत तुमच्याबरोबर येऊ का, असं विचारलं. एवढी सुरक्षित सोबत त्यांना मिळाली नसती. चौघं निघाले आणि भानुदासरावांचा सकाळपासून तुंबलेला बांध फुटला. धबधबा, हिरवं पुरण, निघून गेलेली बस, सगळं एकेक करून बाहेर पडू लागलं. टोपलीतली अळंबी उचलून त्यांनी आजोबांना मराठीतून भावही विचारला आणि तो जास्त आहे असं सांगितलंसुद्धा. आजोबा प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. सिंधूताई चार पावलं मागे राहून चालत होत्या.

गावचे दिवे दिसायला लागले तसे भानुदासराव जरा घुटमळले.

“सारंग, ते परवाचं तिकीट कितीचं आहे?”

सारंग खाली मान घालून काहीतरी म्हणाला.

“मोठ्यानं बोल. जंगल आहे हे.”

“काढलं नाही म्हटलं.”

“काय? ऐकू येत नाही!”

सारंगने एकदा दूरच्या घरांकडे पाहिलं. तिथल्या खिडक्यांमागे किती माणसं शांतपणे चहा पीत असतील, याचा त्याने हिशोब करून पाहिला. मग त्याने छातीत हवा भरली.

“तिकीट काढलंच नाहीऽऽ! काढणारही नाहीऽऽ! तुम्ही राहा बाबाऽऽ! पाहिजे तेवढं बोला, पण राहाऽऽ!”

“राहतोऽऽ!” भानुदासरावांनी लिलावातला शेवटचा भाव ठरल्याच्या थाटात पुकारलं. एक अक्षर न कळताही आजोबांनी टाळ्या वाजवल्या.

सिंधूताईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि मागच्या काळोख्या झाडीकडे एकवार वळून पाहिलं.

“यापेक्षा अस्वल परवडलं असतं,” त्या म्हणाल्या.