छप्पन नंबरची फ्रेम

माळ्यावरचं एक पोतं खाली काढून कबाड्याला द्यायचं, एवढंच काम होतं. ते करायच्या ऐवजी मी मोटारसायकल विकली आणि चीनहून कोंबड्यापेक्षा हलकी एक वस्तू मागवली. कसं झालं ते सांगून टाकतो. आमच्या बिरसी गावात तसंही सगळ्यांना माहीत आहे.

पोत्यात दादाची सायकल होती. म्हणजे चाकं, गिअर, ब्रेक, वाकडं हँडल, सगळं होतं, फक्त फ्रेम नव्हती. जुनी फ्रेम तडकली तेव्हा दादानं एकेक भाग सोडवून, तेल लावून धानाच्या पोत्यात बांधून ठेवला. आता कार्बनची घ्यायची, चायनाची, आपल्याला परवडेल अशी. दोन वर्षं तो फ्रेमच निवडत होता. (दामिनी वहिनीला पाहायला गेला तेव्हा चहा निवायच्या आत 'हो' म्हणाला होता. वहिनी हे त्याला रोज ऐकवायची.) यंदा धानाच्या रोवणीच्या दिवसांत त्याला कावीळ झाली आणि विसाव्या दिवशी तो गेला. फ्रेम निवडायची राहिलीच.

दसरा झाल्यावर बाबा म्हणाले, "विक्की, तो पोता कबाड्याले देऊन टाक. मले पाहवत नाही."

"देतो," म्हणालो, पोतं माझ्या खाटेखाली ढकललं आणि त्याच दुपारी फ्रेम मागवायला बसलो. (माझं असंच आहे. नववीचा पेपर अर्ध्यात सोडून उठलो, तेही असंच, दुपारी.)

खरं म्हणजे नवीन वस्तू घ्यायची मला सवय नाही. शर्ट, दप्तर, चपला, सगळं दादाचं उतरलेलं. त्याची पँट घातली की पाय जमिनीवर लोळायचे. मी रडायचो. बाबा म्हणायचे, "राहू दे बे, वाढत्या अंगाची आहे." मी काही वाढलो नाही. पँटच झिजून आखूड व्हायची.

दादाची एक वही होती, फ्रेम विकणाऱ्या एकेकाबद्दल तीत शेरा. 'हा फोटो छान टाकतो, विचारलं तर उत्तर देत नाही.' 'हा फारच स्वस्त देतो, भीती वाटते.' 'ही बाई खरं बोलते, रंग मात्र दोनच.' फ्रेम एंड्युरन्सचीच घ्यायची, हे नक्की होतं. ते काय असतं, हे त्यानं मला एकदा समजावलं होतं. "रेसची सायकल म्हणजे ओणवं होऊन रोवणी करणं. एंड्युरन्स म्हणजे शेताच्या धुऱ्यावर बसून रोवणी पाहणं. दोनशे किलोमीटर गेलास तरी कंबर तुझीच राहते."

मी खरं बोलणाऱ्या बाईला मेसेज केला. इंग्रजी आपल्याला येत नाही, म्हणून फोनच तिचं उत्तर मराठीत वाचून दाखवायचा. मोठ्यानं.

फोन म्हणाला, "प्रिय, तुझ्या पायांची आतली लांबी सांग."

चुलीजवळ आई भाकर टाकत होती. तिचा हात थांबला.

"कोण आहे बे ते?"

"चायनाची बाई आहे, आई."

"भावाले जाऊन तीन महिने नाही झाले, अन् तू बाईले पाय मोजून देऊन राहिला?"

"सायकलसाठी लागते!"

"सायकलले पाय लागते, हे मलेबी समजते. तिले कायले लागते?"

फोन म्हणाला, "प्रिय, सायकल चालवणाऱ्याची उंचीही सांग."

आई चिमटा घेऊन उठली. मी वही घेऊन अंगणात पळालो. शेवटच्या पानावर दादानं लिहूनच ठेवलं होतं, उंची एकशे ब्याऐंशी सेंटीमीटर, पाय शहाऐंशी. पाठवून दिलं. 'छप्पन नंबर,' बाईचं उत्तर आलं. खाली गुलाबाचं फूल.

कापणीच्या दिवसांत फ्रेमचा डबा आला. मी राईस मिलमध्ये पोती उचलतो. सवयीनं कंबर कसून जोर लावला आणि डब्यासकट मागे खुराड्यावर आपटलो.

"रिकामा दिसते," बाबा म्हणाले. "फसवला तुले."

उघडला. आत काळी, गुळगुळीत फ्रेम. बाबांनी ती वजनकाट्यावर ठेवली, मग खुराड्यातून पळालेल्या कोंबड्याकडे पाहिलं.

"कोंबडा भारी आहे. मोटारसायकल विकून हे आणलं?"

"बाबा, यात जेवढं हलकं तेवढं महाग."

"असं असतं तर मी धान ठेवून कोंडा विकला असता." मग फ्रेमकडे वळून, "कोणाची आहे?"

"दादाची."

बाबा विळा घेऊन उठले. शेतावर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पोतं आणि फ्रेम ऑटोत टाकून गोंदियाला दुर्गेश मिस्त्रीकडे गेलो. दादाला सायकलला दुसऱ्या कोणाचा हात चालत नसे. दुर्गेशनं पोत्याची गाठ सोडली, तेलाचा वास आला, आणि आम्ही दोघंही जरा वेळ उगीच रस्त्याकडे पाहत राहिलो.

दुपारपर्यंत सायकल उभी राहिली. दादानं वहीत काढून ठेवली होती तश्शी. मी टांग मारली. टांग वर पोचलीच नाही.

"सीट नीचे करो," मी म्हणालो.

"नीचे ही है, भैया."

"और नीचे."

"और नीचे तो फ्रेम है." मग दुर्गेशनं मला खालून वर पाहिलं. (फार वेळ लागत नाही. मी पाच फूट दोन इंच आहे.) "नाप किसका दिया था?"

बाईनं सायकल चालवणाऱ्याचं माप विचारलं होतं. सायकल चालवणारा म्हणजे दादा. आता दुसरं कोणी चालवेल, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

"बड़े भैया का," मी म्हणालो.

दुर्गेशनं तोंड फिरवलं आणि भरलेल्याच चाकात पुन्हा हवा भरू लागला.

परत येताना ऑटोवाला सायकल टपावर दोरीनं आवळायला निघाला. मला धीर झाला नाही. सायकल ढकलत चालतच निघालो. गावाजवळ विमानतळाच्या भिंतीपाशी रस्ता मोकळा लागला. इथंच दादानं मला बाबांच्या काळ्या सायकलवर कैची शिकवली होती. सीटवर बसायचं नाही, फ्रेमच्या मधून पाय पलीकडे घालायचा आणि तिरपं लटकून पायडल मारायचं. वर शिकाऊ विमानं घिरट्या घालायची, खाली मी पडायचो. दादा कॅरिअर धरून मागे पळायचा. "सोडलो नाही बे! सोडलो नाही!"

मी फ्रेममधून पाय घातला. सायकल चालली. इतकी हलकी चालली की मागून कोणी धरलं आहे का, म्हणून मी दोनदा वळून पाहिलं. दुसऱ्यांदा पाहताना नालीत जाता जाता वाचलो.

घरापाशी आलो तर बाबा अंगणात धान सुकवत होते. समोरून चीनची कार्बनची सायकल येते आहे आणि तिच्या कुशीला वटवाघळासारखा त्यांचा धाकटा लटकला आहे. बाबा पाहत राहिले. मग हसले. रोवणीपासून पहिल्यांदा, खांदे हलवून हसले, आणि गमछ्यानं डोळे पुसत राहिले.

वहिनी दारात आली. सायकलच्या सीटवर हात ठेवून उभी राहिली. हात बराच वेळ तिथंच होता.

"माप चुकलं," मी म्हणालो. "लहान नंबरची दुसरी मागवू का?"

"मोटारसायकल एकच होती, भाऊजी," वहिनी म्हणाली.

बाबांनी सायकल माझ्या हातातून घेतली, ओसरीत भिंतीला टेकवली, आणि मला एकदा डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं.

"राहू दे बे," ते म्हणाले. "वाढत्या अंगाची आहे."

(मला सव्विसावं लागलं आहे.)