मन्मथअप्पांची लोखंडी घोडी

मन्मथअप्पा कुठंही गेले की आधी वर बघतात. लग्नाला गेले तर मांडवात झुंबर कुठं टांगलंय ते पाहून खुर्ची चार हात बाजूला ओढतात. एसटीत चढले की डोक्यावरच्या फळीवर कुणाची पेटी आहे, ती नीट सरकवली आहे का, याची चौकशी करूनच बूड टेकतात. आमच्या घरी पहिल्यांदा चहाला आले तेव्हा पंख्याकडे बघत म्हणाले, "ह्याचा हुक कवा बघितला होता?" मी म्हणालो, पंखा लावला तेव्हा. अप्पांनी कपबशी उचलली आणि उंबऱ्यात जाऊन बसले. त्या दिवसापासून आमच्या घरातही पंख्याखाली कुणी स्वस्थ बसत नाही.

"पडलं तर?" हे त्यांचं पालुपद. "कुठं पडंल, कुणावर पडंल, ते आधी बघावं. मग उचलावं." दळणाचा डबा असो नाही तर पाण्याची घागर, हा प्रश्न विचारल्याशिवाय त्यांच्या घरात काही जमिनीवरून हलत नाही. वहिनी म्हणतात, माझं निम्मं आयुष्य ह्यांना उत्तर देण्यात गेलं.

असा माणूस टपालखात्यात चिकटला असता तर निभावून गेलं असतं. पण अप्पा सेलूत मोटारसायकलींच्या इंजिनाचं काम करतात. त्यांचं गॅरेज आणि माझं घर यांच्यात एकच भिंत आहे. मी जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्या मोजणारा, वजनकाट्यावरचा कारकून. त्यामुळे मला ते नावाने हाक न मारता काटेवाले म्हणतात, आणि कुठल्याही वस्तूचं वजन विचारायला भिंतीवर थाप मारतात. मीही थोडा भित्राच आहे. पण अप्पांच्या शेजारी राहिल्यामुळे मी आपोआप धाडसी ठरलो.

गॅरेजमध्ये अप्पांचे भागीदार सुदाम साळवे. दोघंही साठीला टेकलेले. तरुणपणी परभणीत एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकले आणि मग सेलूत येऊन एकत्र दुकान टाकलं, त्याला तीस वर्षं होऊन गेली. सकाळी साळवे येतात ते "शरणार्थ, अप्पा" म्हणत, आणि कपाळावर भस्म लावलेले अप्पा उत्तर देतात, "जय भीम." दोघं एकमेकांचा नमस्कार वापरतात. कधीपासून आणि का, ते त्यांनाही सांगता येत नाही.

हलक्या गाडीचं इंजिन एकटा माणूसही काढू शकतो. पण अप्पांकडे येतात त्या जुन्या, साडेतीनशे सीसीच्या बोजड गाड्या. त्यांचं इंजिन काढायची या दोघांची एकच रीत होती. सगळे बोल्ट सोडायचे, इंजिनाला दोरी बांधायची, दोरीतून पहार घालायची आणि दोघांनी दोन टोकं धरून उचलायचं. खाली जुना टायर ठेवायचा, त्यावर इंजिन अलगद टेकवायचं. उचलण्याआधी अप्पा दोरी तपासत, पहार तपासत, साळव्यांच्या चपला तपासत, आणि गिऱ्हाइकाला बाहेर रस्त्यावर उभं करत. मग साळवे हसत म्हणत, "झालं का तुझं? का वकील बोलवू?"

गेल्या वर्षापासून साळव्यांचा उजवा हात थरथरू लागला. आधी त्यांनी तो लपवला. हातात कायम एक फडकं धरून ठेवायचे, म्हणजे हात पुसतोय असं वाटावं. पुढे चहा बशीत सांडू लागला. परभणीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि जपून राहा म्हणाले. थरथरण्याचं एक वेळ सोडा, पण पकड मध्येच सुटायची, न सांगता.

आषाढातल्या एका दुपारी भिंतीपलीकडे धाडकन आवाज झाला आणि माझ्या ताटातली वाटी हलली. मी खरकट्या हाताने पळालो. इंजिन टायरवर नव्हतं. टायर आणि अप्पांचा पाय यांच्या मधल्या फरशीत त्याची एक कड रुतली होती. अप्पांचा अंगठा तिथून दोन बोटांवर होता. पहार एकीकडे लोळत होती आणि साळवे आपल्या हाताकडे असे बघत होते जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

अप्पा पांढरेफटक पडले होते. दोरी चाचपत म्हणाले, "दोरी वली होती."

"दोरी वाळलेली होती, अप्पा," साळवे म्हणाले. "हात सुटला माझा."

"मी म्हणायलोय ना, वली होती."

साळव्यांनी वाद घातला नाही. फडक्याची घडी करून त्यांनी ते खिळ्याला अडकवलं. "पोळा झाला की मी येत न्हाई. लेक कवाची बोलवायलीय सोनपेठला. आज दोन बोटं चुकली. उद्या चुकायची न्हाईत."

ज्याला पंख्याची भीती वाटते तो या प्रसंगानंतर अंथरूण धरेल अशी माझी समजूत होती. पण दुसऱ्या दिवशी ते भंगारवाल्याकडे गेले आणि हातगाडीभर लोखंड घेऊन आले.

"घोडी करायची," त्यांनी जाहीर केलं. घोडी म्हणजे लोखंडी पायांचा उंच सांगाडा. वर आडवा पाइप, त्यातून लोंबणारी साखळी, साखळीला इंजिनाच्या बोल्टात बसेल अशी पोलादी पट्टी. साखळी ओढली की इंजिन उचललं जातं, माणसाला हात लावायची गरज नाही. शहरात ही वस्तू तयार मिळते. पण दुसऱ्याने केलेल्या वेल्डिंगवर अप्पांचा विश्वास नाही. त्यांचं म्हणणं, "ज्यानं जोड मारला तो झोपंत होता का जागा होता, मला काय म्हाईत?"

पहिली घोडी त्यांनी भीतीच्या मापाने केली. जिथं एक पट्टी पुरली असती तिथं तीन लावल्या. प्रत्येक जोडावर वेल्डिंग झालं की रात्री काय होईल सांगता येत नाही म्हणून सकाळी पुन्हा वेल्डिंग. ती कलंडू नये म्हणून पाय इतके फाकवले की एक पाय पार रस्त्याच्या नालीपर्यंत गेला. साळवे स्टुलावर बसून बघत होते. "अप्पा, इंजिन काढायलास का लग्नाचा मांडव घालायलास?"

आठ दिवसांनी घोडी पूर्ण झाली आणि जागेवरून हलेना. अप्पा, मी, साळवे आणि समोरचा टायरवाला असे चौघं लागलो तरी ती वीतभरच सरकली. अप्पांनी भिंतीवर नाही, माझ्या खांद्यावरच थाप मारली. "काटेवाले, किती आसंल?" मी अंदाज सांगितला. घोडी तीन इंजिनांच्या वजनाची भरत होती. ती उचलायला वेगळी घोडी लागली असती.

हसून हसून साळव्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. अप्पा हसले नाहीत. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरात पोळा कुठं आहे ते पाहिलं आणि ग्राइंडर चालू केला. त्या वेळी मला पहिल्यांदा वाटलं की हे नेहमीचं भिणं नव्हे.

दुसरी घोडी हलकी झाली, चाकांवर फिरणारी. पण साखळी ओढायची कशाने, याच्यावर गाडी अडली. हाताने ओढली तर पुन्हा पकडीचाच भरवसा. अप्पा चार दिवस जेवणावरून उठून भंगारात जाऊन बसत. शेवटी त्यांना एका बंद पडलेल्या दुकानाच्या शटरचा गिअर सापडला. हँडल फिरवलं की शटर वर जातं आणि हँडल सोडलं तरी खाली येत नाही, तसला. त्यांनी तो पुसला, फिरवला, सोडला, पुन्हा फिरवला, पुन्हा सोडला. "हात सुटला तरी थांबतंय," ते मला सांगत होते, पण बघत होते साळव्यांच्या रिकाम्या स्टुलाकडे. त्या दिवशी साळवे आले नव्हते.

मग चाचणी. अप्पांना इंजिनाच्या दुप्पट वजन टांगून बघायचं होतं. मी म्हणालो, दगड टांगा. "दगूड बोलत न्हाई, काटेवाले. साखळी कुठं ओढायलीय, कुठं वाकायलीय, ते सांगणारं वजन पायजे." मी अठ्ठ्याहत्तर किलोंचा आहे, हे मीच त्यांना कधीतरी मोठ्या फुशारकीने सांगितलं होतं.

साखळीला फळी बांधून त्यांनी मला तिच्यावर बसवलं आणि मांडीवर गव्हाचं पन्नास किलोंचं पोतं दिलं. हँडल फिरू लागलं. माझे पाय फरशीवरून सुटले. साखळी एकेक कडी करकरत होती आणि मला आठवायला लागलं की पहिल्या घोडीतलं निम्मं लोखंड यांनी कापून काढलंय. कमरेएवढ्या उंचीवर मी थांबलो. अप्पांनी हँडल सोडलं आणि दोन पावलं मागे सरकले.

"काय वाटायलंय?"

"भीती," मी म्हणालो.

"ते राहू द्या. साखळी कुठं ओढायलीय?"

"सरळ खाली."

मग अप्पांनी जे केलं ते बघून माझी बोबडी वळली. लग्नाच्या मांडवात झुंबराखाली न बसणारा हा माणूस पुढे आला, त्याने चप्पल काढली आणि आपला उजवा पाय बरोबर माझ्या खाली ठेवला. अंगठा पुढे करून. त्यांच्या कानशिलावरून घाम वाहत होता, डोळे मिटलेले होते. मी हलायचं तर सोडाच, श्वाससुद्धा बेताने घेत होतो. "अप्पा, पाय काढा," मी म्हणालो. "थांबा," ते म्हणाले. किती वेळ गेला कोण जाणे. माझ्या मांडीवरचं पोतं ओलं झालं, तो घाम माझा होता.

पोळ्याच्या दोन दिवस आधी चारठाण्याच्या एका गुरुजींची जुनी गाडी आली, साडेतीनशेचीच. अप्पांनी साळव्यांना घरून बोलावून घेतलं. साळवे आले, घोडीला एक फेरी मारली, जोडांवरून बोट फिरवलं आणि चांगली झालीय म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळूच, "आता ह्याला माझी गरज न्हाई. बरं झालं. मोकळा झालो." ते हसत होते, पण फडक्यातला हात नेहमीपेक्षा जास्त हलत होता. मला वाईट वाटलं. जी घोडी व्हायला महिना गेला, जिच्यासाठी मी पोतं घेऊन लटकलो, तीच साळव्यांना गॅरेजमधून घालवून द्यायला निघाली होती.

अप्पांनी बोल्ट सोडले, पट्टी अडकवली, गुरुजींना रस्त्यावर उभं केलं. मग म्हणाले, "सुदाम, कुठं निघालास? इकडं ये. ही मूठ धर."

घोडीच्या डाव्या पायाला सायकलचं रबर चढवलेली एक मूठ होती. बरोबर साळव्यांच्या छातीच्या उंचीवर. मी लटकलो होतो तेव्हा ती नव्हती, एवढं मला पक्कं आठवत होतं.

"ही कशाची?" साळव्यांनी विचारलं.

"तोलाची. समदा तोल हिच्यावर हाय. ही सोडली की घोडी कलंडली म्हणून समज. दोन्ही हातांनी धर."

साळव्यांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि मूठ धरली. अप्पांनी हँडल फिरवलं. इंजिन चौकटीतून सुटलं, थोडं झुललं. साळव्यांचा हात थरथरत होता, पण घोडी केसभरही हलत नव्हती. गुरुजी रस्त्यावरून मान उंचावत होते. इंजिन वर आलं, दोघांनी घोडी चाकांवर बाजूला सरकवली आणि ते टेबलावर टेकलं. इतक्या हलकेच टेकलं की आवाजच आला नाही, आणि आम्ही तिघं तो आवाज यायची वाट बघत तसेच उभे राहिलो.

"बघ," अप्पा तोंड पुसत म्हणाले. "एकट्याच्यानं होत न्हाई हे."

मी तोंड उघडलं. त्या मुठीशिवाय एकशे अठ्ठावीस किलो सुखरूप लटकले होते, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "काटेवाले, चहा सांगून या." मी मुकाट्याने चहा सांगायला गेलो.

पोळा झाला. साळवे सोनपेठला गेले, चार दिवस लेकीकडे राहिले आणि परत आले. "शरणार्थ, अप्पा." "जय भीम." जणू काही बोलणं झालंच नव्हतं. आता मोठं इंजिन आलं की साळवे मूठ धरतात आणि अप्पा हँडल फिरवतात. मी मात्र ते गुपित पोटात घेऊन फिरत होतो. साळव्यांना कुणी हसून सांगितलं तर काय होईल, या विचाराने मला अप्पांसारखीच धास्ती बसली होती.

परवा समोरच्या टपरीवर साळवे चहा पीत होते. मी शेजारी जाऊन बसलो आणि भीत भीत विषय काढला, मूठ हाताला जड नाही ना जात म्हणून.

"जड कशानं जाईल?" साळवे म्हणाले. "नुसती घोडीच्या पायाला चिकटवलीय. आत कशालाच जोडलेली न्हाई. तीस वर्षं जोड मारले मी, काटेवाले. मला पहिल्याच दिवशी दिसलं."

"मग धरता कामून?" मी विचारलं.

साळव्यांनी गॅरेजकडे बोट केलं. एका गाडीचे बोल्ट सोडून झाले होते, पट्टी अडकवून झाली होती. अप्पा हँडलपाशी उभे होते. हात पाठीमागे बांधलेले, नजर रस्त्याकडे. हँडलला त्यांनी बोटही लावलेलं नव्हतं.

"लय भितंय ते," साळवे म्हणाले. "मी समोर नसलो की त्याचा हातच चालत न्हाई."

त्यांनी उरलेला चहा एका घोटात संपवला आणि रस्ता ओलांडून गेले.