सात वाजताचा कटर

सोमवार, १९ जानेवारी. हातातलं काम : दावीदनानांचा कटर. तक्रार : दोरी ओढली तरी चालू होत नाही.

कटर म्हणजे झाडं कापायचं पेट्रोलचं मशीन. हा कटर सहा वर्षांपूर्वी नानांनी आमच्याच दुकानातून नेला. तेव्हापासून तो रोज सकाळी सात वाजता चालू होतो, दोन मिनिटं वाजतो आणि बंद होतो. आजपर्यंत त्यानं झाड सोडाच, दात कोरायची काडीसुद्धा कापलेली नाही.

संगमनेरहून अकोले तालुक्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं दुकान आहे. फवारणीचे पंप, गवत कापायची मशीनं, कटर असला माल. विक्री आमचे हे बघतात, दुरुस्ती मी. यांना हाताला ऑइल लागलेलं चालत नाही आणि मला गिऱ्हाइकाशी गोड बोलणं जमत नाही, त्यामुळे वाटणी आपोआप झाली. नवीन गिऱ्हाईक मशीन यांच्याकडे देतं, हे ते माझ्यापुढे ठेवतात. गिऱ्हाईक माझ्याकडे बघतं आणि पुन्हा यांच्याकडे बघतं. दावीदनानांनी मात्र पहिल्या दिवसापासून मला ‘मिस्त्रीनबाई’ म्हटलं आणि विषय संपवला.

नाना सहासष्ट वर्षांचे. उंच, काटक, बारा महिने लोकरीची टोपी. एका वाक्याशिवाय त्यांचं पान हलत नाही : “माजा काही नेम न्हाई.” प्रत्यक्षात आमच्या पंचक्रोशीत इतका नेमाचा माणूस दुसरा नसेल. बुधवारी दाढी, शनिवारी कपडे, रविवारी चर्चमध्ये डावीकडचं तिसरं बाकडं. दुधाची गाडी उशिरा आली की ड्रायव्हर म्हणतो, “नानाचा कटर वाजून गेला का?” आणि या माणसाचं म्हणणं असं, की आपण कधी काय करू ते सांगता येत नाही, लोकांनी आपल्याला टरकून राहावं.

लोकांनी म्हणजे एकाच माणसानं. थोरल्या भावानं, शमुवेलदादांनी.

दोघांची शेतं शेजारी, मध्ये बांध, बांधावर जांभळाचं झाड. नाना म्हणायचे, सावली माझ्या वाफ्यावर पडते. दादा म्हणायचे, झाड माझं आहे. सरकारी मोजणी आणली. मोजणीवाल्यानं दोन्हीकडून साखळी टाकली आणि सांगितलं, हद्द बुंध्याच्या मधोमध जाते, झाड दोघांचं. त्या दिवशी दोघंही सारखेच नाराज झाले. पाळकसाहेबांनी पुढच्या रविवारी भावाभावांच्या प्रेमावर उपदेश केला. दोघांनी मनापासून माना डोलावल्या, कारण तो दुसऱ्याला उद्देशून आहे अशी दोघांची खात्री होती.

पण नातं झाडावरून तुटलं नाही. नानांनी लग्न केलं नाही. तेव्हा दोन्ही वेळचं जेवण भावाकडे असायचं. एका संध्याकाळी जेवता जेवता झाडाचा विषय निघाला आणि दादा चार माणसांसमोर बोलून गेले, “तुला कशाला पायजे रं झाड? तुझ्यामागं जांभळं खायला हाय कोन?” नाना ताटावरून उठले. दुसऱ्या दिवशी ते आमच्या दुकानात आले, “एका दिवसात झाड आडवं करंल आसं मशीन द्या,” म्हणाले आणि कटर घेऊन गेले.

तेव्हापासून हे चालू आहे. सकाळी सात वाजता नाना कटर घेऊन जांभळाखाली जातात, चालू करतात, दोनदा मोठा आवाज काढतात. पलीकडे अंगणात दादा खाटेवर चहा पीत बसलेले असतात. नाना झाडाला उद्देशून म्हणतात, “आज तोडतोच.” दादा बशीला उद्देशून म्हणतात, “लावू दे की हात.” मग नाना कटर बंद करून घरी भाकऱ्या थापायला जातात. थेट एकमेकांशी सहा वर्षांत एक शब्द नाही.

हे मला कळलं त्याला कारण कटरची दातेरी साखळी. पहिल्या सर्व्हिसिंगला कटर आला तेव्हा मी साखळीचे दात घासायला बसले, तर दातांना लाकूड कधी लागलेलंच नव्हतं. कारखान्यातून आलेलं ऑइल तसंच होतं. मी विचारलं, “नाना, कापता काय तुम्ही याच्यानं?” म्हणाले, “अजून काय ठरवलं न्हाई. माजा नेम न्हाई.”

तर आज सकाळी नऊला नाना एस.टी.नं आले. कटर नेहमीसारखा गोधडीत गुंडाळलेला. हे माल आणायला संगमनेरला गेलेले.

“मिस्त्रीनबाई, मशीन बोलंना. काल सांच्याला पुसून ठिवलं, सकाळी वीस येळा दोरी वढली. खांदा गेला माजा.”

“ठेवून जा. परवा बघते.”

“परवा न्हाई. उद्या सातच्या आत पायजे.”

“उद्या काय आहे एवढं?”

नाना टोपी खाली ओढत म्हणाले, “उद्या तो नगरला चाललाय. छातीचं आपरेशन हाय. साडेसातला गाडी निघनार. त्याला वाटंल, आपण गेलो की हा गप झाला. त्याला कळू द्या, मी हितं हाय.”

“धमकी द्यायची आहे म्हणा.”

“मंग काय आरती करायची?”

मी दुसरं काम बाजूला सारलं. यात दयामाया काही नव्हती. एखादं मशीन सहा वर्षं रोज चालू होतं आणि नेमक्या एका दिवशी होत नाही, हे मला दुकानदार म्हणून सहन होत नाही.

बंद मशीनला तीन गोष्टी लागतात. पेट्रोल, ठिणगी आणि हवा. बाकी सगळी माणसांची बडबड. बटण बघितलं, ठीक. प्लग काढला, तर काळाकुट्ट आणि ऑइलनं ओला.

“पेट्रोलात ऑइल किती टाकता?”

“चार टोपणं.”

“मी दोन सांगितली होती.”

“म्हटलं लेकराला तुपाची काटकसर कशाला.”

नवा प्लग लावून ठिणगी बघितली. निळी, चांगली. दोरी ओढली. काही नाही. जुनं पेट्रोल ओतून टाकलं, टाकी धुतली, बेताचं ऑइल घालून नवं भरलं. काही नाही. हवेची जाळी धुतली. काही नाही. मग कार्बोरेटर उघडला आणि पेट्रोलच्या वाटीत एकेक भाग सोडला. नाना समोर स्टुलावर बसून माझ्या हातांकडे बघत होते.

“सापडंल ना?”

“सापडेल. तुम्ही हलू नका, उजेड अडतो.”

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. माझे दोन्ही हात पेट्रोलात. अशा वेळी मी कोपरानं बटण दाबते आणि स्पीकरवर बोलते. गिऱ्हाइकांना सवय आहे.

“मिस्त्रीन का? मी शमुवेल बोलतोय.”

नाना स्टुलावर ताठ झाले. मी त्यांच्याकडे बघितलं. ते उठतील असं मला वाटलं, पण त्यांनी गुडघे घट्ट धरले आणि बसून राहिले.

“बोला दादा. फवारणी पंप बिघडला का?”

“न्हाई, पंप बरा हाय.” दादांना धाप लागत होती. शब्द तोडून तोडून येत होते. “त्या येड्याचं मशीन आलंय का तुझ्याकडं?”

“आलंय.”

“मशीनच बिघडलंय ना? तो बरा हाय ना?”

“मशीनच.”

“सकाळी सात वाजले, सव्वासात झाले, आवाज न्हाई. चहा निवला माजा. तुझ्या काकूला बांधापर्यंत धाडलं, म्हनलं त्याच्या चुलीतून धूर तरी निघतोय का बघून ये. ती म्हनली, निघतोय. तवा जीवात जीव आला. एकटा ऱ्हातो ना तो. रातीतनं काय झालं तर कळनार कसं?”

मी वाटीतली सुई उगाच पुन्हा धुतली.

“उद्या मला नेणार हायेत. डाक्टर म्हनतो, भ्यायचं कारन न्हाई. मी भीत न्हाई. पन गाडीत बसायच्या आधी तेवढा आवाज कानावर पडला तर बरं वाटंल. व्हईल का तुझ्याच्यानं?”

“होईल.”

“त्याला सांगू नको मी फोन केल्ता म्हनून. डोक्यावर बसंल.”

“नाही सांगत,” मी म्हणाले. हे खोटं नव्हतं. सांगायला काही उरलंच नव्हतं.

फोन बंद झाला. नाना भिंतीवरचं बेअरिंगच्या कंपनीचं कॅलेंडर वाचत होते. आठवडाभराचे वार तरी वाचून झाले असतील. मग म्हणाले, “मी काय ऐकलं न्हाई.”

“बरं.”

“ते बारीक स्क्रू खाली पडंल, संबाळा.”

कार्बोरेटर बसवला, दोरी ओढली. एकदा फुरफुरलं आणि दम कोंडल्यासारखं थांबलं. मी सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरून नानांना दोरी ओढायला सांगितलं. हाताला वारा लागेना. म्हणजे आत घेतलेला श्वास बाहेर सोडायला जागाच नव्हती. सायलेन्सर उघडला, तर आतली जाळी काजळीनं लिंपून टाकलेली. तव्याचं बूड खरवडावं तशी मी ती खरवडली. वाटीभर काजळी निघाली.

“नाना, ही मशीनं दमली की बिघडतात. तुमचं न दमता बिघडलंय. रोज दोन मिनिटं डुरडुर करून बंद. कधी तापलंच नाही. तापत नाही म्हणून ऑइल जळत नाही, त्याची काजळी होते आणि ती आतच बसते. सहा वर्षं बसली.”

“मंग काय करायचं?”

“कापायचं. महिन्यातून एकदा जाडजूड लाकूड घालायचं पुढ्यात.”

“जांभूळ सोडून,” नाना लगेच म्हणाले. मग आपणच काय बोललो ते ध्यानात येऊन टोपीशी चाळा करत बसले.

दुपारी चारला मशीन चालू झालं. आवाज अजून मोकळा नव्हता. आतल्या बाजूची काजळी खरवडून निघत नाही, ती जळूनच जाते. थंडीत पहाटे हे नानांच्या हातानं चालू होईल याची मला खात्री नव्हती आणि अर्धवट काम मी कुणाच्या गळ्यात घालत नाही. त्यांना म्हटलं, “सकाळी साडेसहाला मी शेतावर येते.”

“तुमी कशाला तरास घेता?”

“माझ्या कामाची खात्री मलाच करायची असते.”

मंगळवारी सकाळी यांच्या मोटारसायकलवर टूलबॅग बांधून गेले. धुकं होतं. नाना टोपीवर मफलर बांधून जांभळाखाली तयार उभे. पलीकडे दादांच्या अंगणात पुण्याहून आलेल्या मुलाची गाडी उभी होती. काकू पिशव्या ठेवत होत्या. दादांची खाट रिकामी होती, ते आधीच गाडीत बसले होते.

सात वाजले. नानांनी दोरी ओढली. काही नाही. पाच वेळा ओढली, सात वेळा ओढली. पलीकडे गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. साडेसातला निघायची गाडी आत्ताच निघत होती.

“चाललं ते,” नाना म्हणाले.

“सरका,” मी म्हणाले. कटर जमिनीवर ठेवला, मुठीवर पाय दिला, चोक ओढला आणि दोरी दोनदा जोर लावून ओढली. फुरफुरलं. चोक आत ढकलून पुन्हा ओढली, आणि मशीन लागलं. मी ते नानांच्या हातात दिलं.

त्यांनी एकदा मोठा आवाज काढला, मग दुसऱ्यांदा. गाडी शेताकडेच्या गाडीवाटेनं येत होती ती बांधाच्या टोकाला थांबली. मागची काच खाली झाली. कोणी उतरलं नाही, कोणी हात हलवला नाही. नाना झाडाला काही म्हणाले का, ते आवाजात मला कळलं नाही. तोंड मात्र गाडीकडे होतं.

दोन मिनिटं झाली, पाच झाली. गाडी निघाली, चर्चच्या वळणाआड गेली. नाना कटर बंद करेनात. मीही केला नाही. टाकीतलं पेट्रोल संपलं तेव्हा तो आपोआप थांबला. सहा वर्षांत पहिल्यांदा चांगला तापला होता. शेवटी शेवटी आवाजही मोकळा येत होता.

नानांनी कटर गोधडीवर ठेवला. पलीकडे दादांचा कांदा होता. नाना त्याच्याकडे बघत उभे राहिले, मग वाकून एक पात चिमटीत धरली.

“पान्याला आलाय,” ते म्हणाले. “चार दिस आदीच पानी द्याया पायजे व्हतं. या हप्त्यात लाईट सकाळचीच हाय, नऊला जाईल.”

“दादांचा मुलगा परत आला की बघेल.”

“त्याला हिरीवरल्या मोटारीचा खटका तरी म्हाईत हाय का?”

ते बांध ओलांडून गेले. विहिरीवरच्या पेटीची किल्ली कुठे ठेवलेली असते हे त्यांना कुणाला विचारावं लागलं नाही. मोटार चालू झाली. भावाच्या गोठ्याला टेकवलेलं खोरं घेऊन ते पाटाच्या तोंडाशी उभे राहिले आणि पहिला वाफा भरला की माती ओढून पाणी दुसऱ्यात सोडू लागले. पण पाण्याला जोर होता आणि वाफे लांब होते. वरच्या वाफ्याचं तोंड, म्हणजे दारं, मातीनं बुजवून खाली पोचेपर्यंत खालचा वाफा फुटायला लागला.

मी चपला बांधावर काढल्या, साडी खोचली आणि खालच्या दाराला जाऊन उभी राहिले. त्या दिवशी दुकान मी साडेदहाला उघडलं.