पोट भरलंय, सर

सोमवारी दुपारी नेनिताताईंनी डबा उघडला आणि शेजारून जाणाऱ्या तेओसरांना म्हटलं, "या सर, जेवू या." सर थांबले, त्यांनी खुर्ची ओढली आणि म्हणाले, "चला." टेबलावरच्या सगळ्यांचे चमचे हवेतच राहिले.

आमच्याकडे डबा उघडला की समोर दिसेल त्याला जेवायला बोलवायचं आणि समोरच्याने "पोट भरलंय" म्हणून पुढे जायचं, ही रीत आहे. पोटात कावळे ओरडत असले तरी हेच म्हणायचं. तेओसर म्हणजे तेओदोरो लिंगाओ, पासिग शहरातल्या या विमा कचेरीत कारकून म्हणून चिकटले तेव्हापासून ही रीत पाळत आले होते. सोमवारची चूक त्यांची नव्हती, नुकत्याच घेतलेल्या प्रशिक्षणाची होती.

गेल्या वर्षी ते शाखाप्रमुख झाले आणि याच टेबलावरून उठून काचेच्या केबिनमध्ये गेले. तेव्हापासून ते जवळ आले की इथलं हसणं थांबायचं. बायको रियाधच्या इस्पितळात नर्स, मुलगी तिच्याजवळ. घरी गेलं की भात, डबाबंद मासे आणि फोनवर दिसणारी दोन तोंडं, तीही नेटवर्कची मर्जी असेल तर. माणूस पार एकटा पडला होता आणि तसं सांगायलाही कुणी नव्हतं. अशात कंपनीने त्यांना नेतृत्व आणि संवादकौशल्य शिकायला तागायतायच्या एका हॉटेलात पाठवलं. गालाशी माइक लावलेल्या बाईंनी तिथे सांगितलं, की माणसं जे बोलतात त्यावर विश्वास ठेवा, आणि समोरच्याचं म्हणणं त्यालाच परत ऐकवा. सरांना ते इतकं पटलं की परतीच्या बसमध्ये त्यांचे डोळे भरून आले.

तर सोमवारी ताईंनी आपल्या डब्यातलं अर्धं अदोबो, म्हणजे व्हिनेगरमध्ये शिजवलेलं मटण, त्यांना वाढलं. सर खुशीत जेवू लागले. शेजारी बसलेला हिशेबनीस दांते काहीतरी बोलायचं म्हणून आपल्या डब्यातला मासा खारट झालाय म्हणाला. सर पुढे झुकले.

"म्हणजे दांते, तुझं म्हणणं असं, की मासा खारट झालाय."

"हो सर," दांते म्हणाला आणि उरलेला मासा त्याने मुकाट्याने सरांच्या ताटलीत सरकवला.

मंगळवारी सर दुसऱ्या टेबलावर बसले आणि कचेरीत तर्कांना ऊत आला. कुणी म्हणे सरांच्या घरचा गॅस संपलाय. कुणी म्हणे जेवताना कोण काय बोलतं ते टिपायचा वरून हुकूम आलाय. बुधवारी लोक जिन्यात बसून जेवले, गुरुवारी समोरच्या खाणावळीत. जेवणाची खोली ओस पडली. सर तिथे एकटेच बसून पावलांचा आवाज आला की दाराकडे बघायचे.

संवाद कमी पडतोय, असं निदान त्यांनी केलं. गुरुवारी संध्याकाळी सगळ्यांना गोळा करून तागायतायचा धडा दिला. या कचेरीत यापुढे माणूस बोलेल तेच खरं धरायचं, उगाच मागचा अर्थ शोधत बसायचं नाही. सगळे एका सुरात "हो सर" म्हणाले.

शुक्रवारी सरांचा वाढदिवस होता. ज्याचा वाढदिवस त्याने कचेरीला शेवयांचं पान्सित खिलवायचं, हे ठरलेलं. शेवया जितक्या लांब तितकं आयुष्य लांब. सरांनी सकाळी स्वतः रांधून, सढळ हाताने कोळंबी घालून भलंमोठं पातेलं आणलं. दुपारी झाकण काढून ते म्हणाले, "या, जेवू या."

"पोट भरलंय, सर," सगळे म्हणाले. आता सर आग्रह करतील, मग उठायचं, असा प्रत्येकाचा बेत होता.

सरांनी शब्दावर विश्वास ठेवला. त्यांचा चेहरा पार उतरला. झाकण लावून त्यांनी पातेलं केबिनमध्ये नेलं आणि एकटेच खायला बसले. काचेपलीकडे अख्खी कचेरी उपाशीपोटी त्यांच्याकडे बघत होती. शेवटी नेनिताताईच आत गेल्या.

"सर, आज कुणीच डबा आणलेला नाही."

"पण पोट भरलंय म्हणालात ना?"

"पहिल्यांदा विचारल्यावर माणूस दुसरं काय म्हणणार? आणि तुम्ही एकदाच विचारायला कधीपासून लागलात? आमच्यात होतात तेव्हा हाताला धरून बसवायचात."

सर लगबगीने पातेलं घेऊन बाहेर आले. एकेकाचा हात धरून त्यांनी आग्रह केला आणि बघता बघता टेबल गजबजून गेलं. दांतेला तर चेव चढला. ताईंकडे झुकून तो म्हणाला, "म्हणजे ताई, तुमचं म्हणणं असं, की कोळंबी अजून हवी." सगळे खो खो हसले, सरही हसले. वर्षभरात पहिल्यांदाच त्यांच्यासमोर हसणं थांबलं नव्हतं, आणि त्यांना फार बरं वाटलं.

वाढता वाढता खुर्च्या भरून गेल्या. आपली ताटली घेऊन सर वळले तर बसायला जागा नव्हती. दांते अर्धवट उठला.

"सर, इथे बसा ना."

"नको, नको, तू जेव. मी उभा ठीक आहे," सर म्हणाले. पहिल्यांदा असंच म्हणायचं असतं.

दांते घुटमळला. त्याने ताईंकडे पाहिलं. ताईही अडल्या, कारण कालचा धडा सगळ्यांनीच ऐकला होता.

"बरं, सर," म्हणून तो खाली बसला.

कुणीतरी दुसऱ्यांदा म्हणेल म्हणून सर ताटलीतल्या शेवया हलवत थोडा वेळ तिथेच उभे राहिले. मग केबिनमध्ये जाऊन बसले. दार त्यांनी उघडंच ठेवलं, म्हणजे बाहेरचं हसणं तरी ऐकू येईल.