बर्फाचं गिरमिट निवडताना

माणूस किती पुढारलेला आहे, हे तो किती भोकं पाडतो यावरून ठरत नाही. भोक पाडण्याआधी तो किती चौकशी करतो, यावरून ठरतं. या मापाने सातासमुद्रापलीकडच्या बॉथेल गावची मराठी मंडळी बाकीच्या जगापेक्षा बरीच पुढे आहेत.

मोरेश्वररावांना याची कल्पना नव्हती. भंडारा जिल्ह्यातल्या एका मच्छीमार सोसायटीत त्यांनी चाळीस वर्षं जाळी ओढली होती. (त्या सोसायटीत तळ्यात उतरण्याआधी फक्त आभाळाकडे बघत. मागासलेपणा म्हणतात तो हाच.) आता ते सहा महिन्यांसाठी मुलाकडे, प्रतापकडे, आले होते. जानेवारीत डोंगरापलीकडची तळी गोठतात, लोक त्यांच्यावरून चालत जातात, भोक पाडून गळ सोडतात आणि खाली मासा जिवंत असतो, असं सुनेने, रीमाने, त्यांना सहज सांगितलं. त्या दिवसापासून म्हातारा अस्वस्थ झाला. दहा फेब्रुवारीला परतीचं विमान होतं, आणि पुन्हा इतका प्रवास होणार नाही हे त्यांना आणि त्यांच्या गुडघ्यांना दोघांनाही पटलेलं होतं. आजवर मुलाकडे त्यांनी काही मागितलं नव्हतं. हे मागितलं.

"एक डाव बर्फावर बसून मासा धरू दे, बाबू. मग मले गावाले सोड."

प्रताप आज्ञाधारक मुलगा. त्याने त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲप ग्रुप काढला.

ग्रुपमध्ये चौदा जण होते. प्रताप, त्याच्या ऑफिसातला शिव, शिवची बायको रुचा, आणि तळ्यावर यायचं नाही पण मत द्यायचं आहे असे अकरा. चौदांपैकी नऊ जणांनी गोठलेलं तळं कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांची मतं सर्वांत ठाम होती.

प्रश्न गंभीर होता. बर्फाला भोक पाडायला सुताराच्या गिरमिटासारखंच पण कमरेइतकं उंच यंत्र लागतं. ते पेट्रोलवर चालतं, गॅसवर चालतं, बॅटरीवर चालतं. हाताने फिरवायचंही मिळतं, पण त्याला हात लागत असल्यामुळे ते पहिल्याच दिवशी बाद झालं. उरलेल्यांचा तक्ता शिवने केला. त्यात सत्तावीस रकाने होते: वजन, आवाज, पात्याचं पोलाद, गारठ्यात बॅटरी किती टिकते, वॉरंटी, परत करायची मुदत, गाडीच्या डिकीत आडवं मावतं की तिरकं. बर्फ किती जाड असतो, हा रकाना नव्हता. तो डेटा कुणाकडे नव्हता.

मंडळींनी एकूण एकसष्ट व्हिडिओ पाहिले. त्यातल्या अठ्ठावन्नांमध्ये एक माणूस अर्ध्या मिनिटात भोक पाडत होता. उरलेल्या तिनांत खोकं उघडत होता. या तिनांवर चर्चा जास्त झाली.

पहिला शनिवार तक्ता अपुरा म्हणून कॅन्सल केला. दुसऱ्या शनिवारच्या आधी रुचाने भोकाच्या रुंदीचा मुद्दा काढला. सहा इंची भोक पाडलं, मासा मोठा लागला आणि वर आलाच नाही, तर काकांना काय वाटेल? सगळ्यांना काकांबद्दल फार वाईट वाटलं, आणि दहा इंची ठरवेपर्यंत तो शनिवारही गेला. काका त्या दोन्ही सकाळी जाड मोजे चढवून सोफ्यावर बसलेले होते. त्यांचं मत घ्यावं असं रीमाने सुचवलं. प्रताप म्हणाला, बाबांचा अनुभव जाळ्याचा आहे.

तिसऱ्या आठवड्यात शिवने जो विचार मांडला, त्याला दूरदृष्टी म्हणतात.

"पाच आठवड्यांच्या सीझनसाठी मशीन घ्यायचं, यार? उरलेलं वर्षभर काय करणार त्याचं?"

तेव्हा यंत्र बाराही महिने उपयोगी पडलं पाहिजे, हा अठ्ठाविसावा रकाना झाला, आणि त्यावरच निवड झाली. यंत्र आलं. वापरल्याशिवाय न्यायचं कसं, म्हणून चाचणी ठरली. बॉथेलमध्ये बर्फ नव्हता, पाऊस होता. मग प्रतापच्या परसात, पुढे टोमॅटो लावायचेच आहेत म्हणून, मातीत अकरा खड्डे पाडण्यात आले. त्या भागातली माती म्हणजे नुसते गोटे. यंत्र खणखणलं, ठिणग्या उडाल्या, शिवने वेळ मोजली आणि निकाल 'समाधानकारक' असा लिहिला.

मोरेश्वररावांनी पात्यावरून अंगठा फिरवला.

"धार गेली याची."

"बाबा, ते स्पेशल स्टील आहे," प्रताप समजावत म्हणाला. "रिव्ह्यूमध्ये धारेला फोर पॉइंट सेव्हन आहे."

चार दशांश सातपुढे अंगठ्याचं काय चालणार?

विमानाआधीच्या शेवटच्या शनिवारी मंडळी निघाली. घाट ओलांडून तळ्यावर पोचायला दुपार झाली. पहाटे आलेले गावातले लोक आपापले मासे घेऊन परतत होते. प्रताप आणि शिवने यंत्र बर्फावर उभं केलं आणि सुरू केलं. ते उत्तम चाललं. आवाज तक्त्यात लिहिला होता तितकाच होता. कंप तितकाच होता. बर्फ फक्त कापला जात नव्हता, घासून चकचकीत होत होता. दहा मिनिटांनी त्यात शिवला स्वतःचा चेहरा दिसू लागला. बंद करून पुन्हा सुरू केलं, कोन बदलला, मग कस्टमर केअरला फोन लावला. तिथल्या आवाजाने सांगितलं की तुमचा फोन आम्हाला महत्त्वाचा आहे, आणि गाणं लावून दिलं.

मोरेश्वररावांनी इकडेतिकडे पाहिलं. तळ्याची चाळणी झालेली होती. हाकेच्या अंतरात सकाळच्या लोकांनी पाडून सोडलेली तीस-चाळीस भोकं होती, वर काचेसारखी पातळ साय धरलेली. सामान आवरणाऱ्या एका म्हातारीला त्यांनी एका भोकाकडे बोट दाखवून खुणेनेच विचारलं. तिने मान हलवली आणि बर्फाचे तुकडे काढायला आपला झारा दिला. त्यांनी टाचेने साय फोडली, बादली पालथी घातली, बसले आणि गळ सोडला.

तासाभरात मासा आला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला, बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं, आणि मग मुलाला हाक मारली.

प्रताप कानाला फोन लावूनच आला. "बाबा, हे होल कुणाचं?"

"तळ्याचं."

शिवने टेप काढून भोक मोजलं. आठ इंच. तक्त्यात 'आयतं भोक' अशी नवी ओळ घातली. वजन शून्य, आवाज शून्य, बॅटरी लागत नाही. पण वॉरंटीचा रकाना रिकामा राहिल्यामुळे तो पर्याय बाद करावा लागला.

मग फोटो झाला. मध्ये यंत्र, एका बाजूला प्रताप, दुसऱ्या बाजूला मासा धरलेले मोरेश्वरराव. (यंत्र पूर्ण यावं म्हणून मोरेश्वरराव खांद्यापासून कापले गेले, मासा मात्र आला.) तो फोटो ग्रुपवर गेला, तेरा अंगठे आले, आणि परतीच्या वाटेवर प्रतापने रिव्ह्यू लिहिला: 'फर्स्ट ट्रिपलाच मासा मिळाला. वडील खूश.' पाच तारे. आजपर्यंत दोनशे बारा लोकांनी हा रिव्ह्यू उपयोगी पडल्याचं कळवलं आहे.

दहा तारखेला मोरेश्वरराव गावाला परत गेले.

आता तुम्ही विचाराल, की मंडळींनी शेवटी घेतलं कोणतं, पेट्रोलवालं की बॅटरीवालं, आणि कुठल्या कंपनीचं. विचाराच. जाणकार वाचक तेच विचारतो. मासा कोणता होता, हे विचारायचं तुमच्या मनात आलं नाही. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. प्रतापच्याही आलं नाही.